पिल्लू बेडकासारखं पसरतंय? पहिल्या महिन्यात घरी काय काय करायचं

कापूस वेचायचे दिवस होते. आमच्या दारची गावठी कुत्री नव्या घरकुलाच्या मागच्या खोलीत व्याली. चार पिल्लं झाली, त्यांतली दोन पहिल्याच आठवड्यात गेली. उरलेल्या दोघांच्या वाट्याला चौघांचं दूध आलं. त्यांतली मादी एवढी गोल गरगरीत झाली की पोरांनी तिचं नाव बोंडी ठेवलं.

सतराव्या दिवशी तिचा भाऊ लटपटत का होईना, चार पायांवर उभा राहिला. बोंडी मात्र पोट जमिनीला चिकटवून पडून राहायची. मागचे दोन्ही पाय दोन बाजूंना फाकलेले आणि पुढचे पाय पाण्यात हात मारावेत तसे फरशीवर चालायचे. जोर भरपूर लावायची, पण जागची हलायची नाही. शेजारचे काकाजी ओसरीवरून बघून म्हणाले, "लुळं हाये ते. कायले जीव लावतं, पोरी?"

ती लुळी नव्हती. विदर्भातल्या गावागावांत अशी पिल्लं दर हिवाळ्यात उकिरड्यावर टाकली जातात आणि त्यांतली बरीच चालू शकली असती, हे मला नंतर कळलं. म्हणून त्या पाच-सहा आठवड्यांत आम्ही काय केलं आणि डॉक्टरांनी काय शिकवलं, ते सगळं इथे सविस्तर लिहिते आहे.

आधी नीट ओळखा

पशुवैद्य अशा पिल्लाला 'स्विमर पपी' म्हणतात, म्हणजे पोहणारं पिल्लू. साधारणपणे पिल्लाचे डोळे दहाव्या ते चौदाव्या दिवशी उघडतात. दोन आठवडे झाले की ते उभं राहायची धडपड करतं आणि तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी डुलत डुलत चालायला लागतं. अठरा-वीस दिवसांचं पिल्लू अजून पोटावरच घसरत असेल, पाय अंगाखाली न येता बाजूंना जात असतील, तर ही शंका घ्यायची. बहुतेकदा मागचे पाय फाकतात, कधी पुढचे, तर कधी चारही.

नेमकं कारण एकच असं सांगता येत नाही. पायांचे स्नायू आणि त्यांना हुकूम देणाऱ्या नसा तयार व्हायला उशीर होतो, एवढं दिसतं. गुळगुळीत जमीन आणि वयाच्या मानाने जास्त वजन, या दोन गोष्टी त्यात भर घालतात. पकड मिळाली नाही की पाय सरकतो, सरकला की स्नायूला काम मिळत नाही आणि काम नसलं की तो आणखी कमजोर होतो. आमच्या घरकुलात तर दोन्ही होतं. नवी चकचकीत स्टाइल फरशी आणि चौघांचं दूध पिऊन फुगलेलं पोट.

पायापेक्षा मोठा धोका छातीला असतो. पिल्लाच्या फासळ्या मऊ असतात. रात्रंदिवस छातीवर पडून राहिलं तर छाती वरून दाबल्यासारखी चपटी होत जाते, हृदय आणि फुप्फुसांना जागा अपुरी पडते. पिल्लू धापा टाकतं, प्यायलेलं दूध उलटून श्वासनलिकेत जातं आणि न्यूमोनिया होतो. "आपोआप चालेल महिनाभरात" असं म्हणून वाट बघायची नाही, ती यासाठीच. तिसऱ्या-चौथ्या आठवड्याच्या आत सुरुवात केली तर बहुतेक पिल्लं सुधारतात. हाडं टणक होत गेली की तेच काम फार अवघड होतं.

पण पसरलेला प्रत्येक पाय म्हणजे हाच त्रास नव्हे. घरी तीन-चार गोष्टी तपासून घ्या. मागच्या पायाचं बोट नखाच्या मुळाशी हलकेच चिमटीत धरा. पिल्लू पाय ओढून घेत असेल किंवा कुईकुई करत असेल तर संवेदना शाबूत आहे. काहीच हालचाल नसेल तर दुखणं मणक्याचं असू शकतं, तिथे घरचा व्यायाम पुरणार नाही. एकच पाय लोंबकळत असेल, सुजला असेल, हात लावताच पिल्लू किंचाळत असेल तर आई अंगावर बसून किंवा कुणाचा पाय पडून हाड मोडलेलं असू शकतं. सांधे गरम आणि फुगलेले असतील तर नाळेतून जंतू शिरल्याची शक्यता धरायची. तोंड उघडून टाळूही बघा. टाळू दुभंगलेली असली की दूध नाकातून येतं. आणि पिल्लू सगळंच ढिलं, थंडगार, आवाज न करणारं असेल तर पायांचं नंतर बघू, आधी त्याला ऊब द्या.

पहिलं काम: जमीन बदला

हे त्याच दिवशी, त्याच तासाला करायचं. याला पैसा लागत नाही. सगळ्या उपायांतून एकच करता येणार असेल तर मी हाच करीन.

स्टाइल, शहाबादी फरशी, कोब्यावर अंथरलेला प्लॅस्टिकचा कागद, वर्तमानपत्र, हे सगळं पिल्लासाठी निसरडं आहे. शेणानं सारवलेल्या जमिनीवर पकड चांगली मिळते, पण ओल आणि मुंग्यांचा विचार करावा लागतो. आम्ही तागाचं जुनं गोणपाट गरम पाण्यात धुऊन, कडक उन्हात वाळवून, चार पदरी ताणून बसवलं. त्याखाली जाड गोधडी. गोणपाटाचे सुटलेले धागे कापून टाका, त्यात नखं अडकतात. खताचं किंवा बियाण्याचं प्लॅस्टिकचं पोतं मुळीच घेऊ नका. एक तर ते घसरतं आणि त्यात रासायनिक खताचा नाहीतर बियाण्याला चोळलेल्या औषधाचा अंश राहिलेला असतो.

आपल्याकडे सुचणारी दुसरी गोष्ट म्हणजे घरचा कापूस. मऊ म्हणून ढीग करून त्यात पिल्लं ठेवतात. या पिल्लासाठी ते चुकीचं आहे. पाय त्यात रुततात, टेकायला काहीच मिळत नाही आणि तंतू नाकातोंडाशी जातात. अंथरूण मऊ हवं, पण पायाखाली घट्ट हवं.

जागा आटोपशीर ठेवा. बाजेखालचा कोपरा विटा लावून अडवला तरी पुरे. जमीन फिनाइलने पुसू नका, त्याचा पिल्लांना विषासारखा त्रास होऊ शकतो. साबणाचं पाणी, मग साधं पाणी, मग कोरडं फडकं.

झोपवण्याची पद्धत

पिल्लू दिवसाचे बहुतेक तास झोपेत काढतं. त्यामुळे दहा मिनिटांच्या व्यायामाइतकंच ते कसं झोपतं याला महत्त्व आहे. त्याला कुशीवर झोपवायचं, दर वेळी कूस बदलून. ते परत पोटावर येतं, म्हणून जुन्या लुगड्याच्या दोन घट्ट वळकट्या करून पाठीशी आणि पोटाशी लावायच्या. तोंडापुढची जागा मोकळीच हवी.

आम्हाला सगळ्यांत कामी आली ती चुंभळ. डोक्यावर घागर ठेवायला आपण कापडाची जी गोल चुंभळ करतो, तशीच, पण जरा मोठी आणि मऊ करायची. पिल्लू जागं असताना त्याच्या बरगड्या त्या कड्यावर टेकतील आणि छातीचा मधला भाग पोकळीवर राहील असं ठेवायचं. छातीवरचा दाब कमी होतो आणि पाय आपसूक खाली लोंबतात. आपण समोर असतानाच हे करायचं, पाच-सात मिनिटं. झोपेत ठेवायचं नाही.

उबेबद्दल एक धोका लक्षात ठेवा. पहिल्या आठवड्यात पिल्लांना भोवतालची हवा सुमारे ३० अंश सेल्सिअस लागते, दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात २७च्या आसपास चालते. आपल्याकडे पौषात रात्री पारा १० अंशांजवळ जातो, म्हणून आपण गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून ठेवतो. धडधाकट पिल्लू नको वाटलं की सरकून लांब जातं. या पिल्लाला सरकताच येत नाही. बाटली अंगाला चिकटवून ठेवली तर ते तिथेच भाजेल. हातभर अंतर ठेवा, एकाच बाजूला ठेवा आणि मध्येमध्ये उठून पोटाला हात लावून बघा. उन्हाळ्यातली वेत असेल तर उलटं. ४५ अंशांत टिनाच्या छपराखाली ठेवू नका आणि कूलरचा झोतही थेट अंगावर येऊ देऊ नका.

व्यायाम: थोडा, पण दिवसातून पाच-सहा वेळा

एकदाच अर्धा तास रगडून उपयोग नाही. पिल्लू दमतं आणि दमलेला स्नायू शिकत नाही. पाच ते दहा मिनिटांचे पाच-सहा फेरे धरा. भरल्या पोटी करू नका, दूध पिण्याआधीची वेळ उत्तम. पिल्लू भुकेलं असलं की जोरही लावतं.

आपले हात चोळून गरम करा. पिल्लाला मांडीवर कुशीवर घ्या आणि मांडीपासून पंजाकडे, मग पंजाकडून वर, तळहाताने हलकं चोळा. तान्ह्या बाळाला तेल लावताना आजी जेवढा जोर लावते, त्याच्या निम्माच. तेल लावायची गरज नाही, तेलाने पाय अजून घसरतात.

मग एक हात कमरेला आधार देऊन, दुसऱ्या हाताने पाय सायकल चालवल्यासारखा फिरवा. गुडघा पोटाकडे, मग मागे, मग खाली. प्रत्येक पायाला दहा-पंधरा वेळा. पाय जिथे अडतो तिथे थांबायचं, ओढून पुढे न्यायचं नाही. पिल्लू ओरडलं की आपलं चुकलं.

यानंतर मऊ दातघासणीने तळपाय गुदगुल्या केल्यासारखा घासा. पिल्लू पाय आखडतं. तो झटका हीच त्याची स्वतःची कसरत आहे, आपण हलवलेल्या पायापेक्षा तिची किंमत जास्त. बोंडीचा डावा पाय पहिले दोन दिवस फार मंद होता. तिसऱ्या दिवशी तिने तो असा झटकला की घासणी माझ्या हातून पडली आणि मी तिथेच रडले.

शेवटी उभं करणं. गोणपाटावर ठेवून पोटाखालून तळहाताचा आधार द्या. चारही पाय एकेक करून अंगाच्या बरोबर खाली आणा, पंजे सपाट टेकले आहेत ना ते बघा. मग हाताचा आधार किंचित सैल करा, म्हणजे थोडं वजन पायांवर येईल. पहिल्या दिवशी दोन-तीन सेकंद टिकलं तरी भरपूर झालं. चार-पाच दिवसांनी दुपट्टा पोटाखालून घालून झोळीसारखा वर धरा आणि आईच्या दिशेने चालवा. पुढे आई दिसत असली की पिल्लाला पाय टाकायचं कारण मिळतं.

पाण्यातला व्यायामही करतात. घमेल्यात कोमट पाणी घ्यायचं. मनगटावर टाकलं तर ना गरम ना गार लागलं पाहिजे. पिल्लाची छाती आणि हनुवटी हातावर धरून पाय पाण्यात सोडायचे. वजन हलकं होतं आणि पाय मोकळे चालतात. तीन-चार मिनिटं पुरे, नाक पाण्यावर हवं आणि लगेच पुसून पूर्ण कोरडं करायचं. थंडीच्या दिवसांत, वारा असताना किंवा पिल्लू धापा टाकत असेल तर हा नाद सोडा. आम्ही दुपारच्या उन्हात, खोलीचं दार लावून, चारच वेळा केला.

पाय बांधणं

इथे मी थोडी थांबते, कारण सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. दोन्ही मागचे पाय फाकू नयेत म्हणून त्यांच्यात चिकटपट्टीचा एक पूल करतात. मारक्या गाईचं दूध काढताना आपण पाय करकचून बांधतो, तसं हे नाही. पाय जखडायचे नाहीत, त्यांना बाजूला पळू द्यायचं नाही, एवढंच.

पहिल्यांदा डॉक्टरांकडूनच बांधून घ्या आणि बघून शिका. मेडिकलमध्ये मिळणारी मऊ, ताणणारी किंवा कागदी चिकटपट्टी चालते. सुतळी, दोरा, रबरबँड, विजेच्या कामाची काळी टेप अजिबात नको. रबराने रक्त अडून पाय काळा पडलेलं पिल्लू मी पाहिलं आहे.

मागच्या पायाला जिथे उलटा कोन दिसतो, म्हणजे आपल्या टाचेसारखा सांधा, त्याच्या जरा वर मऊ फडक्याची पातळ घडी लावायची. त्यावरून पट्टी एका पायाभोवती, मग मधून दुसऱ्या पायाभोवती, इंग्रजी आठच्या आकड्यासारखी फिरवायची. मधला भाग पट्टीच पट्टीला चिकटवून बंद करायचा. दोन पायांत अंतर किती? चालणारं भावंड उभं असताना त्याच्या मागच्या पायांत जेवढं दिसतं तेवढं. त्याहून कमी केलं तर कंबरेच्या सांध्यावर ताण येतो. पट्टीखाली काडेपेटीची काडी सहज सरकली पाहिजे.

बांधल्यावर तासाभराने बोटं बघा, मग दर तीन-चार तासांनी. बोटं सुजली, गार पडली, निळसर झाली तर विचार न करता कापून काढा. पिल्लं झपाट्याने वाढतात, आज सैल असलेली पट्टी परवा आवळते. म्हणून दोन-तीन दिवसांत बदलायचीच, ओली झाली तर त्याच दिवशी. बोथट टोकाच्या कात्रीने कापा, ओढू नका, कातडी निघते. आई पट्टी चावून काढते, त्याला इलाज नाही, परत बांधायची.

दूध आणि वजन

किराणा दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर रोज एकाच वेळी वजन करा आणि वहीत लिहा. आठ ते दहा दिवसांत जन्मवजन दुप्पट होणं हे चांगल्या वाढीचं लक्षण. त्याहून बरंच पुढे जात असेल तर ते पिल्लू पायांवर नको तेवढा भार वाहत आहे. त्याला उपाशी मारायचं नाही. आईपासून वीतभर लांब गोणपाटावर ठेवायचं आणि स्वतः जाऊ द्यायचं. पोट फुटबॉलसारखं ताणेपर्यंत पिऊ न देता थोडं आधी बाजूला घ्यायचं आणि पुन्हा लवकर पाजायचं. चपट्या छातीला थोडं थोडंच दूध झेपतं. पिऊन झालं की पाच-दहा मिनिटं डोकं वर ठेवून खांद्याशी धरा.

आईचं दूध असेल तर दुसरं काही नको. नसेल तर पिल्लांसाठीची दूध पावडर जिल्ह्याच्या ठिकाणी मिळते. गाईच्या दुधात कुत्रीच्या दुधापेक्षा प्रथिनं आणि स्निग्धांश निम्म्याहून कमी असतात आणि दुधाची साखर जास्त, त्यामुळे नुसतं गाईचं दूध पाजलं की हगवण लागते. पावडर येईपर्यंत दिवस-दोन दिवस दुधात अंड्याचा पिवळा बलक घोटून निभावता येतं. पाजताना पिल्लू पोटावर, मान किंचित वर. माणसाच्या बाळासारखं उताणं धरलं तर दूध फुप्फुसात जातं. गार पडलेल्या पिल्लाला तर दूध पाजूच नका, ते पचत नाही. आधी ऊब, मग दूध.

तीन-साडेतीन आठवड्यांनी मऊ खाणं सुरू होतं. तेव्हा ताटली जमिनीवर ठेवू नका. छातीच्या उंचीला, विटेवर ठेवा. भाकरी दुधात किंवा साध्या वरणाच्या पाण्यात कुस्करून द्या, त्यात कांदा, लसूण, तिखट, मीठ नको. खाण्यासाठी उभं राहावं लागलं की तोच व्यायाम होतो आणि तो पिल्लू स्वखुशीने करतं.

कातडी, माश्या, गोचीड

पोटावर पडलेलं पिल्लू स्वतःच्याच लघवीत भिजतं. तिसऱ्या आठवड्यापर्यंत शी-शू आई चाटून करवते. आई दुर्लक्ष करत असेल तर कोमट पाण्यात बुडवलेल्या कापसाने मागचा भाग हलकेच पुसला की काम होतं. अशा पिल्लांना खडा धरतो, त्यामुळे दोन दिवस शी नसेल तर डॉक्टरांना विचारा. पोट आणि मांड्या दिवसातून तीनदा पुसून कोरड्या करा. जखम झाली आणि माशी बसली की किडे पडायला वेळ लागत नाही, म्हणून मच्छरदाणीचा तुकडा वरून टाका.

गोचीड, पिसवा हाताने आणि बारीक कंगव्याने काढा. बैलांना लावायचं गोचिडाचं औषध किंवा शेतातलं कोणतंही फवारणीचं औषध पिल्लाला लावू नका, जीव जातो. दुखत असेल म्हणून घरातली तापाची, अंगदुखीची माणसांची गोळीही नको.

आई आणि तुमची सुरक्षा

माणसाचा हात लागला की कुत्री पिल्लू टाकते, असं आपल्याकडे म्हणतात. ओळखीच्या माणसाबाबत तसं होत नाही. आधी आईला भाकर द्या, तिच्या नजरेसमोरच पिल्लू उचला, व्यायाम करा आणि तिच्याजवळ परत ठेवा. गावातल्या मोकळ्या कुत्रीचं पिल्लू असेल तर ते घरी घेऊन जाण्यापेक्षा तिच्या जागेतच गोणपाट टाका. चावली किंवा दात लागला तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात रेबीजची लस सुरू करा. हळद, चुना, मिरची काही भरायचं नाही.

डॉक्टरांकडे कधी

एकदा तर सुरुवातीलाच, छाती तपासायला. तालुक्याचा पशुवैद्यकीय दवाखाना मुख्यतः गुरांचा, तरी तिथले डॉक्टर कुत्र्यांनाही बघतात. १९६२ या पशुवैद्यकीय हेल्पलाइनवर फोन करून विचारता येतं. छातीचा किंवा मणक्याचा एक्स-रे लागला तर नागपूरला सेमिनरी हिल्सचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे आणि पश्चिम विदर्भातल्यांना अकोल्याची स्नातकोत्तर पशुवैद्यक संस्था जवळ पडते. पिल्लू टोपल्यात, आईच्या वासाच्या फडक्यावर न्या, दुचाकीवर वारा लागू देऊ नका. तोंड उघडून श्वास, निळसर हिरड्या, दूध नाकातून येणं, दूध सोडणं, दिवसभरात वजन घटणं, यांतलं काहीही दिसलं तर सकाळची वाट बघू नका.

जंताचं औषध दोन आठवड्यांच्या वयापासून दर पंधरा दिवसांनी, डॉक्टर वजनावरून सांगतील तेवढंच. लसी सहा-आठ आठवड्यांनी सुरू होतात, रेबीजची तीन महिन्यांनी. पाय वाकडे म्हणून यातलं काही टाळायचं नाही.

सुधारणा कशी दिसते

एका रात्रीत नाही. आमच्या वहीत चालण्यापुढे पहिले पाच दिवस "काही नाही" एवढंच लिहिलं आहे. सहाव्या दिवशी बोंडीने मागचा एक पाय स्वतःहून अंगाखाली घेतला. नवव्या दिवशी आधाराशिवाय उभी राहिली आणि नाकावर पडली. त्यानंतर रोज थोडं जास्त. सोळाव्या दिवशी ती गोणपाट ओलांडून आईपर्यंत गेली, ससा उडतो तशी दोन्ही मागचे पाय एकदम टाकत. अशी सशाची उडी काही दिवस राहते, तिची काळजी करू नका. सलग दोन दिवस पट्टीशिवाय पाय अंगाखाली राहिले की बांधणं थांबवा, व्यायाम मात्र आणखी पंधरा दिवस चालू ठेवा. चपटी छातीही पिल्लू उभं राहायला लागल्यावर बरीचशी भरून येते.

दोन-तीन आठवडे मन लावून करूनही पिल्लू तसूभर पुढे गेलं नाही, तर पुन्हा तपासणी करा. मणक्याचा किंवा मेंदूचा दोष असू शकतो आणि तेव्हा त्याला किती वेदना आहेत हे डॉक्टरांकडून स्पष्ट ऐकून पुढचं ठरवा. सुधारलेल्या पिल्लाची पुढे वीण होऊ देऊ नका, त्याच्या आईचीही नसबंदी करून घ्या. हा दोष रक्तातून येत असावा, अशी शंका आहे.

बोंडी आता अडीच वर्षांची आहे. वावरात रानडुकरांच्या मागे धावते, बांध सहज ओलांडते. पण मागच्या खोलीतल्या स्टाइलवर तिचे पाय अजूनही जरा बाजूला जातात, म्हणून दारापासून तिच्या पाण्याच्या भांड्यापर्यंत गोणपाटाची एक पट्टी कायम अंथरलेली असते. दर अमावस्येला घर धुतो तेव्हा ती काढतो आणि जमीन वाळली की आधी तीच परत टाकतो.